अश्रूंवरची साय

करुण रस शिकवणे हा माझा वीस वर्षांचा व्यवसाय. पण गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली आणि ५ मिनिटांनी काढली, तेव्हा ती जेमतेम ४ मिलिमीटर भिजली होती. ही शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांची १९०३ सालची परीक्षा. तीत ५ च्या खाली म्हणजे नापास! उत्तरपत्रिका तपासताना डोळ्यांत खडे रुतल्यासारखे का वाटते, ते तेव्हा उमगले. ज्याचे पोट वाचण्यावर चालते, त्याला ही थट्टेची गोष्ट नाही.

वाचकहो, अश्रू म्हणजे नुसते खारे पाणी अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बुबुळाला चिकटून बुळबुळीत द्रव, त्यात मिसळलेले पाणी, आणि सर्वांत वर स्निग्धाचा अतिशय पातळ थर असतो. दुधावर साय धरते तशी ही साय पाण्याला उडून जाऊ देत नाही. ती पुरवतात पापण्यांच्या कडांतल्या ग्रंथी. हाइनरिख माइबोम यांनी १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. पुस्तकाकडे किंवा मोबाइलकडे एकटक पाहताना पापणी लवायची विसरते, साय फाटते आणि डोळा कोरडा पडतो.

मग औषधाचे थेंब घालावेत! घालतोच आपण. पण डोळ्यात मावतात किती? अश्रू असतात सुमारे ७ मायक्रोलिटर, आणि बाटलीतला एक थेंब भरतो ३० ते ५०. बाकीचे औषध गालावर, नाहीतर नाकावाटे घशात. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

या घड्यावर औषध टिकवायचे कसे? याची एक वाट इंग्लंडात केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे सापडली. १९६१ साली डॉ. ॲलेक बँगम यांनी, अंड्याच्या बलकात असते ते लेसिथिन पाण्यात कालवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. या रेणूचे डोके पाण्यावर भाळलेले, तर शेपट्या पाण्याला भ्यालेल्या. म्हणून हे रेणू शेपट्या आत लपवून दुहेरी भिंत रचतात आणि तिचे आपोआप पोकळ गोळे बनतात. त्यांना नाव पडले लायपोसोम. मी मनाशी त्यांना ‘स्नेहकण’ म्हणतो, कारण आपल्याकडे तेलालाही स्नेह म्हणतात आणि मायेलाही!

पोकळीत पाण्यात विरघळणारे औषध भरावे, भिंतीत तेलात विरघळणारे. हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या साथीत लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाईक दुकानोदुकानी वणवण फिरत होते. तेच औषध साधे दिले तर मूत्रपिंडांना इजा करते. स्नेहकणांत भरून दिले की ती पुष्कळ कमी होते.

कोरड्या डोळ्याला यात दुहेरी लाभ आहे. एक तर ही पुडीच औषध ठरते. मिटल्या पापण्यांवर फवारायचे स्नेहकण युरोपात मिळतात. ते पापणीच्या कडेवरून अश्रूंत उतरतात आणि फाटक्या सायीला ठिगळ लावतात. दुसरे, डोळ्याची दाहकता शमवणारे सायक्लोस्पोरिन पाण्यात विरघळत नाही. ते या भिंतीत बसवण्याचे प्रयोग संशोधक करीत आहेत. डोळ्याचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, म्हणून कणांना धनभार दिला तर ते अधिक वेळ चिकटून राहतात.

अडचणी आहेतच. कणांतून औषध झिरपते, स्निग्ध पदार्थ खवट होतो, जंतू मारायला उष्णता द्यावी तर कण फुटण्याची भीती. म्हणून ही औषधे जपून बनवावी लागतात आणि महाग पडतात.

डोळ्यांवर पोट असणारे आम्ही प्राध्यापकच नव्हे. सुईत दोरा ओवणारा शिंपी आहे, रात्रभर ट्रक हाकणारा चालक आहे. औषध सापडणे आणि ते गरजूच्या हाती पडणे यांत किती अंतर असते, ते २०२१ च्या वणवणीने आपल्याला दाखवले आहे. प्रयोगशाळेतला हा स्नेह शिंप्याच्या पापणीपर्यंत पोहोचेल, तेव्हाच तो नावाला जागला म्हणायचे.