सोबत चालणारे हात : उपचारासाठीची घोडेस्वारी

उपचारासाठीच्या घोडेस्वारीत घोड्यावर एक मूल बसते आणि त्याच्यासाठी तीन माणसे पायी चालतात. एकाच्या हाती घोडा असतो, उरलेले दोघे मुलाच्या दोन्ही बाजूंना. सूचना देणारा प्रशिक्षक वेगळा. इतकी माणसे पगारावर ठेवणे क्वचितच एखाद्या केंद्राला झेपते, म्हणून ही पद्धत बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकांच्या बळावर चालते.

पोलिओने गुडघ्याखालचे पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात रौप्यपदक मिळवले, तेव्हा जगाचे लक्ष या विषयाकडे वळले. 1969 मध्ये ब्रिटनमध्ये आणि उत्तर अमेरिकेतही अपंगांच्या घोडेस्वारीसाठी संघटना स्थापन झाल्या.

या उपचाराचे मर्म घोड्याच्या साध्या, संथ चालीत आहे. घोडा चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते आणि थोडी वळतेही; माणूस स्वतः चालताना कंबरेची हालचाल जवळजवळ अशीच होते. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्या मुलाला कधी चालता आले नाही, त्याच्या शरीराला ही लय घोड्याच्या पाठीवर मिळते. प्रत्येक पावलाला तोल सावरताना पाठीचे आणि पोटाचे स्नायू कामाला लागतात. घोड्याच्या अंगाची ऊब माणसापेक्षा किंचित जास्त, साधारण 38 अंश; तिच्यामुळे मांड्यांचे ताठरलेले स्नायू सैल पडायला मदत होते. बसण्याची ढब आणि तोल सुधारतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र ते बहुतेक अभ्यास थोड्या मुलांवरचे आहेत, म्हणून नेहमीच्या फिजिओथेरपीला जोड म्हणूनच याकडे पाहावे. डॉक्टरांच्या तपासणीशिवाय कोणालाही घोड्यावर बसवत नाहीत. आटोक्यात नसलेली फिट, निखळणारा खुबा, डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या मणक्यांत आढळणारा सैलपणा, अशा कारणांनी नकार द्यावा लागतो, आणि तो नकार पालकांना समजावून सांगणे हेही केंद्राचेच काम.

बाजूने चालणाऱ्याची जागा स्वाराच्या गुडघ्याशी. ज्या मुलाला जास्त आधार लागतो त्याच्या मांडीवरून हात आडवा टाकून खोगिराची कड धरायची. ज्याला थोडा पुरतो त्याचा फक्त घोटा धरायचा. गरजेपेक्षा जास्त आधार दिला तर मूल स्वतः तोल सावरायचे सोडून देते आणि उपचार तिथेच थांबतो. म्हणून हात किती घट्ट धरावा, हे या सेवेतले सर्वांत अवघड शिक्षण. हात भरून आला तर घोडा थांबवून बाजू बदलतात, पण एका वेळी एकच जण. दोघांनी एकदम हात सोडायचा नाही. घोडा धरणारा त्याच्या मानेशी चालतो, समोर नाही, आणि दोर हाताला गुंडाळत नाही. घोडा बुजला तर त्याने घोडा सांभाळायचा. मुलाचे पाय रिकिबीतून सोडवून त्याला उतरवून घ्यायचे ते बाजूच्यांनी. मुलाशी बोलतो तो प्रशिक्षकच. चार तोंडांनी सूचना आल्या तर मूल गोंधळते.

उरलेली सेवा तबेल्यात असते: लीद काढणे, खरारा करणे, खुरांतले खडे काढणे, चंदी-पाणी. घोड्याचे कान मागे पडले, शेपटी फटकारू लागली की तो वैतागला आहे हे ओळखायचे ते इथेच शिकता येते. स्वयंसेवकाने धनुर्वाताची लस घेतलेली असावी, आणि घोड्याची ग्लँडर्सची तपासणी झालेली असावी. तो रोग माणसालाही होतो.

या कामाला उंचापुरा घोडा गैरसोयीचा, कारण बाजूच्या माणसाचा हात स्वाराच्या मांडीपर्यंत सहज पोचायला हवा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या पट्ट्यात मेंढपाळ धनगरांचे बिऱ्हाड वाहणारा भीमथडी घोडा बुटका आणि काटक आहे. त्याला आता स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे अडीचशे किलोच्या घोड्याला पन्नास किलो. लहान मुलांना तेवढे पुरते. वरातीचा घोडा बँडला सरावलेला असला तरी चाकाची खुर्ची, कुबड्या, मुलाचे अचानक ओरडणे यांची त्याला नव्याने सवय करावी लागते.

असे केंद्र याच पट्ट्यातल्या शिर्डीतही निघू शकेल; तिथे घोड्याचे कौतुक जुने आहे. साईबाबांना अर्पण झालेला श्यामकर्ण, म्हणजेच श्यामसुंदर, चावडीच्या मिरवणुकीत असे. त्याची समाधी लेंडीबागेत आहे. शिर्डीच्या राहाता तालुक्यातच लोणीला फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. सेवा करू इच्छिणाऱ्यांची इथे ददात नाही. पण शिर्डीतला बहुतेक सेवेकरी दूरगावाहून येतो आणि सेवा आटोपली की परततो, तर मुलाला दर आठवड्याला तोच ओळखीचा हात हवा असतो, स्वमग्न मुलाला तर फारच. अशा ठिकाणी केंद्र चालवायचे तर तबेल्याची, चाऱ्याची कामे आल्यागेल्या भक्तांना देता येतील. मुलाची बाजू मात्र राहाता, कोपरगाव, लोणी इथल्या, वर्षभर येऊ शकणाऱ्या आणि शिकून तयार झालेल्या माणसांकडेच हवी. वेळ सकाळची, कारण उन्हाळ्यात दुपारी घोडा आणि मूल दोघेही थकतात. आणि मैदानावर वाळू पसरलेली हवी, कारण पावसाळ्यात इथल्या काळ्या मातीत घोड्याचा पाय घसरतो.