फांट आणि हिम : जयपूरच्या उन्हाळ्यातील थंड वनस्पतीपेये

सवाई जयसिंग (दुसरे) यांनी १७२७ साली वसविलेले जयपूर हे नगर अरवलीच्या डोंगरांच्या कुशीत आहे. मे आणि जून या महिन्यांत येथे दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि ‘लू’ या नावाने ओळखले जाणारे उष्ण, कोरडे वारे वाहू लागतात. अशा हवेत घाम त्वचेवर दिसण्यापूर्वीच उडून जातो. त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले याची माणसाला कल्पना येत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दिवसभर थोडेथोडे पाणी पीत राहणे हाच यावरील उपाय होय. आणि ते सहज प्यायले जावे यासाठी घरात एखादे रुचकर, थंड पेय तयार असणे सोयीचे ठरते.

चहा हे आपल्याकडील सर्वांत परिचित पेय. तो थंड करून पिण्याची पद्धत मात्र अमेरिकेत रुजली. तेथे बर्फ घातलेल्या चहाच्या कृती एकोणिसाव्या शतकातच छापल्या गेल्या होत्या. परंतु १९०४ साली सेंट लुई येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचा प्रचार करणाऱ्या रिचर्ड ब्लेचिंडन यांनी उकाड्याने हैराण झालेल्या प्रेक्षकांना थंड चहा पाजला आणि त्या पेयाला मोठी लोकप्रियता लाभली. चहाच्या पानांत कॅफीन असते. एका पेल्यात त्याचे प्रमाण साधारणतः ३० ते ५० मिलिग्रॅम भरते. निरोगी प्रौढाला एवढ्याने अपाय होत नाही. तथापि दिवसातून आठ-दहा वेळा जे प्यावयाचे, जे लहान मुलांनाही द्यावयाचे आणि रात्री झोपण्यापूर्वीही घ्यावयाचे, त्या पेयात कॅफीन नसलेलेच बरे.

मराठीत ‘गवती चहा’ हा शब्द रूढ आहे. वास्तविक या गवताचा चहाच्या झुडपाशी काहीही संबंध नाही आणि त्यात कॅफीनही नसते. पाने, फुले, बिया किंवा मुळे पाण्यात भिजवून त्यांचा स्वाद व गुण पाण्यात उतरविणे, एवढेच ‘वनस्पतींचा चहा’ या शब्दप्रयोगात अभिप्रेत आहे. ही क्रिया भारतात फार प्राचीन आहे. साधारणतः तेराव्या-चौदाव्या शतकातील ‘शार्ङ्गधरसंहिता’ या ग्रंथात औषधी द्रव्यांपासून पेये करण्याचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. उकळून आटविला जातो तो क्वाथ, म्हणजेच काढा. गरम पाण्यात द्रव्य घालून थोड्या वेळाने गाळून घेतात तो फांट. थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळतात तो हिम. फांटासाठी द्रव्याच्या चौपट आणि हिमासाठी सहापट पाणी घ्यावे, असे प्रमाण तेथे दिले आहे. ही प्रमाणे औषधाची आहेत. तहान भागविणारे पेय याहून पुष्कळच सौम्य ठेवावे लागते. मात्र कोणत्या वनस्पतीला कोणती रीत मानवते, हा विचार आजही तितकाच उपयुक्त आहे.

कोवळी पाने आणि सुकलेली फुले गरम पाण्यात लवकर उतरतात. त्यांच्यासाठी फांटाची रीत योग्य. गवती चहा, पुदिना आणि लाल अंबाडीच्या फळाभोवतीची मांसल, आंबट, लालभडक आवरणे ही याची उदाहरणे होत. एक लिटर पेयासाठी अंबाडीची सुकी आवरणे १० ग्रॅम, गवती चहाची चार-पाच पाती आणि मूठभर पुदिना घ्यावा. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळावे, भांडे चुलीवरून उतरवावे, त्यात ही द्रव्ये टाकून वर झाकण ठेवावे. झाकण महत्त्वाचे, कारण गवती चहा व पुदिना यांचा सुगंध ज्या तेलांमुळे येतो ती वाफेबरोबर उडून जातात. आठ-दहा मिनिटांनी गाळावे आणि पाणी गरम असतानाच साखर किंवा खडीसाखर विरघळवावी. थंडगार पाण्यात ती नीट विरघळत नाही. उरलेले अर्धा लिटर पाणी उकळून थंड केलेले घालावे, किंवा त्याच्या काही भागाऐवजी बर्फ वापरावा. फांट प्रथम दाट करण्याचे कारण हेच. अन्यथा बर्फ वितळताच पेय पाणचट होते. अंबाडी आंबट असल्याने भांडे काचेचे किंवा स्टीलचे असावे. पितळेचे अथवा ॲल्युमिनियमचे नसावे.

धणे, बडीशेप, वाळा आणि गुलाबपाकळ्या यांना हिमाची रीत साधते. गरम पाण्याने वाळ्याचा मातीसारखा मंद गंध आणि गुलाबाचा नाजूकपणा बिघडतो. राजस्थानात या द्रव्यांची वाण नाही. कोटा जिल्ह्यातील रामगंज मंडी ही धण्याची मोठी बाजारपेठ आहे, तर अजमेरजवळील पुष्कर गुलाबाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. वाळ्याला तेथे ‘खस’ म्हणतात. उन्हाळ्यात त्याचे पडदे दारांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची चाल उत्तर भारतात जुनी आहे. धण्याचा हिम साखर घालून सकाळी घेतल्यास तहान व अंगाची आग शमते, असे शार्ङ्गधराने म्हटले आहे. घरगुती पेयासाठी २० ग्रॅम धणे आणि १० ग्रॅम बडीशेप भरड कुटून एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवावी व सकाळी फडक्यातून गाळून घ्यावी. वाळ्याची मुळे मात्र आधी दोन-तीनदा स्वच्छ धुऊन माती काढावी. एक लिटरला १० ग्रॅम मुळे पुरतात. गुलाब देशी, सुवासिक आणि कीटकनाशक न फवारलेला असावा. फुलवाल्याकडील शोभेची फुले यासाठी वापरू नयेत.

पेय थंड करण्यासाठी जयपुरात शीतकपाटाची गरज प्रत्येक वेळी भासत नाही. माठाच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी बाहेर झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन अधिक. तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंशांपर्यंत उतरतो. माठातील पाणी याहून खाली जाऊ शकत नाही, पण त्याच्या बरेच जवळ जाते. याउलट कोकणात ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ही मर्यादा २८ अंशांवरच येते. जयपूरचा माठ मुंबईच्या माठापेक्षा अधिक गार का वाटतो, याचे उत्तर कुंभाराच्या कौशल्यापेक्षा हवेत अधिक आहे. तयार पेय मात्र माठात ओतू नये, कारण साखर व वनस्पतींचे कण छिद्रांत अडकून तेथे जंतू वाढतात. पेयाची झाकलेली बाटली माठातील गार पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवावी.

हिम करताना एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. थंड पाणी जंतूंना मारत नाही, आणि उन्हाळ्यातील जयपूरच्या रात्रीही इतक्या उबदार असतात की जंतूंची वाढ झपाट्याने होते. यास्तव पाणी आधी उकळलेले असावे आणि शक्य असल्यास हिमाचे भांडे शीतकपाटात ठेवावे. ते नसेल तर संध्याकाळी उशिरा भिजवून पहाटे गाळावे आणि दुपारपूर्वी संपवावे. काचेची बरणी उन्हात ठेवून पेय तयार करण्याची रीत टाळावी. उन्हाने पाणी कोमट होते, निर्जंतुक होत नाही. शीतकपाटातही पेय एका दिवसापेक्षा अधिक ठेवू नये. बर्फ घरीच पिण्याच्या पाण्याचा करावा. मासळी वा अन्य माल टिकविण्यासाठी मिळणाऱ्या लाद्या खाण्यासाठी नसतात. असा बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ साली त्याला निळसर रंग देण्याचा नियम करण्यात आला.

पाण्याविषयी आणखी एक गोष्ट. राजस्थानातील अनेक जिल्ह्यांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे, आणि जयपूर जिल्ह्याचे काही भागही त्यात मोडतात. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. त्यातच चहाचे झुडूप जमिनीतील फ्लोराइड पानांत साठवून ठेवते. ज्या घरी कूपनलिकेचे पाणी वापरले जाते तेथे काढा आटविण्याऐवजी फांट किंवा हिम करणे आणि पाणी तपासून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

या पेयांच्या मर्यादाही जाणून घेणे आवश्यक आहे. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, आणि वनस्पतींच्या पेयात ते जवळजवळ नसते. उन्हात कष्ट करणाऱ्याने त्याबरोबर मिठाचे ताक किंवा पन्हे घ्यावे. जुलाब होत असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाजावे. चमचा चहाचा समजावा. उष्माघातात अंग तापते, माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा बेशुद्ध पडतो. अशा वेळी तोंडात काहीही न ओतता त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे. गोडीसाठी ज्येष्ठमध घालण्याची पद्धत आहे, परंतु रक्तदाब असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी तो टाळावा. अंबाडीने रक्तदाब काहीसा उतरतो, म्हणून त्यासाठी औषध घेणाऱ्यांनी वैद्याचा सल्ला घ्यावा. एक वर्षाखालील बालकाला मध कधीही देऊ नये.

एवढी काळजी घेतली तर उरलेले काम अगदी साधे आहे. रात्री मूठभर धणे व वाळा भिजत घालावा, सकाळी गाळून घ्यावा, आणि दुपारी घरी परतणाऱ्याच्या हाती, त्याने मागण्यापूर्वीच, एक पेला द्यावा.