जेम्स फोर्टन

जेम्स फोर्टन (२ सप्टेंबर, १७६६ - ४ मार्च, १८४२) हे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील शिडे तयार करणारे कारागीर, उद्योजक आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय समाजाचे पुढारी होते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी किशोरवयात स्वेच्छेने नौसेवा केली, तर १८१४ मध्ये शहराच्या संरक्षणासाठी स्वयंसेवक उभे केले. गुलामगिरीविरोधी चळवळीचे ते एक प्रमुख आधारस्तंभ मानले जातात.

प्रारंभिक जीवन

फोर्टन यांचे पणजोबा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले होते. आजोबांनी स्वतःची मुक्तता करून घेतली, त्यामुळे जेम्स यांचा जन्म स्वतंत्र कुटुंबात झाला. वडील थॉमस हे रॉबर्ट ब्रिजेस या श्वेतवर्णीय व्यावसायिकाच्या शिडांच्या कारखान्यात काम करीत. क्वेकर पंथीय शिक्षक अँथनी बेनेझेट यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलेल्या शाळेत जेम्स काही काळ शिकले. मात्र वडिलांच्या अकाली निधनामुळे त्यांना लवकरच कामाला लागावे लागले.

युद्धसेवा आणि कैद

१७८१ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, फोर्टन 'रॉयल लुई' या जहाजावर दाखल झाले. हे जहाज नियमित नौदलाचे नव्हते. शत्रूची जहाजे पकडण्याचा सरकारी परवाना मिळालेले ते खासगी लढाऊ जहाज होते व स्टीफन डिकेटर (थोरले) त्याचे कप्तान होते. तोफांपर्यंत दारू पोहोचविण्याचे धोक्याचे काम फोर्टन यांच्याकडे होते. पहिल्या सफरीत 'रॉयल लुई'ने एक ब्रिटिश जहाज पकडले. दुसऱ्या सफरीत मात्र ब्रिटिशांच्या 'अँफियन' या युद्धनौकेने तिलाच पकडले.

कृष्णवर्णीय कैद्यांना वेस्ट इंडीजमध्ये गुलाम म्हणून विकले जाण्याची भीती असे. फोर्टन या संकटातून वाचले, त्याला एक वेगळेच कारण घडले. कप्तानाच्या लहान मुलाशी गोट्या खेळताना त्यांची मैत्री जमली आणि कप्तानाने त्यांना इंग्लंडला नेऊन शिक्षण देण्याची तयारी दर्शविली. आपण देशासाठी लढताना कैद झालो आहोत, देशद्रोह करणार नाही, असे सांगून फोर्टन यांनी नकार दिला. त्यांची रवानगी न्यूयॉर्कजवळ नांगरलेल्या 'जर्सी' या कुप्रसिद्ध तुरुंगजहाजावर झाली. ब्रिटिशांच्या अशा जहाजांवर उपासमार व रोगराईने हजारो कैदी मरण पावले. तेथे एका अधिकाऱ्याच्या कपड्यांच्या पेटीत लपून सुटण्याची संधी त्यांना मिळाली होती, परंतु ती त्यांनी डॅनियल ब्रूटन या आपल्याहून लहान श्वेतवर्णीय मुलाला दिली. सुमारे सात महिन्यांनी कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांची सुटका झाली.

व्यवसाय

लंडनमध्ये काही काळ काढून परतल्यावर फोर्टन ब्रिजेस यांच्याकडे शिकाऊ म्हणून राहिले व लवकरच मुकादम झाले. १७९८ मध्ये त्यांनी हा कारखाना विकत घेतला. तेथे कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय कारागीर एकत्र काम करीत, ही त्या काळात असाधारण बाब होती. गुलामांच्या व्यापारात असलेल्या जहाजांसाठी शिडे करण्यास ते नकार देत. या धंद्यातून व मालमत्तेच्या व्यवहारांतून त्यांनी मोठी संपत्ती मिळविली. शिडांसाठी त्यांनी एखादे उपकरण शोधून काढले, असे अनेकदा लिहिले जाते. पण त्यांच्या नावावर कोणतेही पेटंट नाही. त्यांचे यश कौशल्याचे व चोख व्यवहाराचे होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. नदीत बुडणाऱ्या किमान चार जणांना वाचविल्याबद्दल १८२१ मध्ये त्यांना प्रशस्तिपत्र मिळाले होते.

सार्वजनिक कार्य

१८१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर व नोंदणीवर निर्बंध घालणारे विधेयक आले. फोर्टन यांनी निनावी पाच पत्रांची पुस्तिका काढून त्याला विरोध केला. सर्व माणसे समान आहेत, हे राष्ट्राच्या स्थापनेचे तत्त्वच त्यांनी आधाराला घेतले. विधेयक संमत झाले नाही.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८१४ मध्ये, ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन जाळले आणि फिलाडेल्फियात घबराट पसरली. फोर्टन, रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी सुमारे २,५०० कृष्णवर्णीय स्वयंसेवक गोळा केले. स्कूलकिल नदीकाठी ग्रेज फेरी येथे त्यांनी तटबंदीचे काम केले; अठ्ठेचाळीस वर्षांचे फोर्टन स्वतः त्यांत होते. ज्या राज्याने वर्षभरापूर्वी त्यांच्यावर पाळत ठेवण्याचा विचार केला होता, त्याच राज्यासाठी हे श्रम होते. ब्रिटिशांनी बॉल्टिमोरकडे मोर्चा वळविल्याने त्या तटबंदीची परीक्षा झाली नाही.

स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत वसविण्याच्या योजनेकडे फोर्टन आरंभी काहीसे अनुकूल होते. परंतु जानेवारी १८१७ मध्ये बेथेल चर्चमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सभेत सुमारे ३,००० जणांनी ती एकमुखाने फेटाळली. फोर्टन यांनी लोकमत मान्य केले व पुढे ते योजनेचे कट्टर विरोधक बनले. १८३१ मध्ये विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या 'लिबरेटर' या साप्ताहिकाला त्यांनी आर्थिक साहाय्य केले.

उत्तरायुष्य व कुटुंब

१८३८ च्या नव्या राज्यघटनेने पेनसिल्व्हेनियातील मताधिकार श्वेतवर्णीय पुरुषांपुरता मर्यादित केला. स्वातंत्र्ययुद्धात कैद भोगलेल्या फोर्टन यांनाही त्यातून सूट नव्हती. चार वर्षांनी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत दोन्ही वर्णांचे हजारो लोक सहभागी झाले होते. पत्नी शार्लट आणि मुली मार्गारेटा, हॅरिएट व सारा यांनी १८३३ मध्ये फिलाडेल्फियातील महिलांची गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन करण्यात भाग घेतला होता. यादवी युद्धाच्या काळात मुक्त झालेल्या गुलामांना दक्षिण कॅरोलायनात शिकविणाऱ्या शार्लट फोर्टन ग्रिम्के या त्यांच्या नात होत.