केबल चित्र घडवत नाही, वाचवते

जुन्या गेम कन्सोलचं चित्र धुरकट दिसलं की दोष त्याच्या वयाला दिला जातो. खरा दोष बहुधा कन्सोल आणि टीव्हीच्या मधल्या तारेचा असतो. १९८८ साली जपानमध्ये आलेलं सेगाचं मेगा ड्राइव्ह पाहा. त्यातली चित्र घडवणारी चिप लाल, हिरवा आणि निळा असे तीन संकेत स्वतंत्रपणे बाहेर काढते. बहुतेक खेळांत ३२० बाय २२४ बिंदूंचं असणारं हे चित्र तिथे रेखीव असतं. पुढे एन्कोडर नावाची दुसरी चिप तिन्ही संकेत कालवून पिवळ्या पिनेच्या कंपोझिट केबलसाठी एकच संकेत तयार करते. उजेड आणि रंग असे एकत्र झाले की टीव्हीला ते पुन्हा नीट वेगळे करता येत नाहीत; कडांवर रंग ओघळतो, अक्षरं फुटतात, बारीक पट्ट्यांवर इंद्रधनुष्यी झाक येते.

म्हणून केबल निवडण्याचा निकष एकच: कन्सोल ज्या रूपात चित्र घडवतं, त्याच्या सर्वांत जवळचं रूप टीव्हीपर्यंत नेणारी केबल चांगली. मेगा ड्राइव्हसाठी ती आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा संकेत वेगळे ठेवणारी. युरोपात ती स्कार्टमधून सहज मिळे, कारण ही २१ पिनांची जोडणी फ्रान्सने १९८० पासून टीव्हींवर सक्तीची केली होती. याच निकषाने महागड्या केबलची मर्यादाही कळते. निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉममधली चिप थेट कंपोझिट संकेतच बनवते. आत आरजीबी नाहीच, तर बाहेरची केबल ते कुठून आणणार?

यावर एक वजनदार आक्षेप आहे. त्या काळचे चित्रकार कंपोझिटचं पुसट चित्र गृहीत धरून काम करत. १९९१च्या ‘सॉनिक’ या खेळातला धबधबा उभ्या पट्ट्यांनी काढलेला आहे, कंपोझिटवर त्या मिसळून पाणी पारदर्शक भासतं, आरजीबीवर नुसत्या पट्ट्या उरतात. आक्षेप खरा आहे, पण तो काही दृश्यांपुरता. शिवाय स्वच्छ संकेत नंतर फिल्टर लावून हवा तेवढा मऊ करता येतो; कालवलेल्या संकेतातून गेलेला तपशील मात्र पूर्ण परत मिळत नाही.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा: स्वस्त एचडीएमआय अडॅप्टर पुरेसा नाही का? तो कंपोझिट संकेत घेत असेल, तर नुकसान त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच झालेलं असतं. त्यात जुन्या कन्सोलचा २४० रेषांचा सलग संकेत अनेक अडॅप्टर आणि नवे टीव्ही ४८० रेषांचा इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक रेषा दाखवणारा, समजतात, आणि हलत्या आकृत्या विस्कटतात. स्कार्ट नसलेल्या आजच्या टीव्हीसाठी आरजीबी घेणारा आणि २४० रेषा ओळखणारा स्केलर, म्हणजे चित्र टीव्हीच्या आकारात बसवणारं उपकरण, लागतो. तो महाग पडतो. तेव्हा खर्चाआधी आपल्या कन्सोलच्या आत कोणता संकेत तयार होतो ते तपासा. आरजीबी असेल तर पैसे सत्कारणी लागतील. नसेल तर पिवळी पिनच बरी.