अक्कलदाढेची परीक्षा

अक्कल यायला उशीर झाला की लोक माणसाला बोल लावतात. पण माझी अक्कलदाढ वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कुरकुरू लागली तेव्हा मात्र सर्वांनाच माझा कळवळा आला. बदलापूरहून सकाळच्या लोकलने उल्हासनगरला कॉलेजात जायचे, हा माझा अनेक वर्षांचा नेम. सुजलेल्या गालाचा मास्तर गाडीत चढला की डब्यात औषधांना तोटा राहत नाही. एकाने लवंगेच्या तेलाचा बोळा सुचवला, दुसऱ्याने मिठाच्या गुळण्या, आणि तिसऱ्याने तर खिशातून गोळ्यांची पट्टीच काढली. "ही घ्या सर. मला एका गोळीत गुण आला होता!" अंबरनाथ मागे पडेपर्यंत माझ्या हातात तीन जातींच्या गोळ्या जमल्या होत्या, आणि प्रत्येकीमागे एकेका सद्गृहस्थाची स्वतःच्या दातावरची साक्ष उभी होती.

दाढ अखेर अंबरनाथ पूर्वेच्या एका दंतवैद्यांनी काढली. ती आडवी होती. हाड थोडे कोरावे लागले, टाके पडले. बधिरतेचे इंजेक्शन होते तोवर मी शूर होतो. रिक्षातून घरी येईपर्यंत त्याचा अंमल उतरू लागला, आणि मग मराठीच्या प्राध्यापकाला आपल्या भाषेची श्रीमंती नव्याने कळली. आंब्याच्या कैरीने दात आंबतात, थंड पाण्याने शिवशिवतात, किडका दात सणकतो, जखम ठसठसते, आणि काढलेल्या दाढेची जागा ठणकते. ठणक्याला ताल असतो. तो नाडीबरोबर चालतो. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या रात्री ते मला पहिल्यांदा पटले.

आठवड्याने टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारले, "डॉक्टर, या सगळ्या गोळ्यांत खरी गुणाची कोणती? मला दुसऱ्या दिवशीच्या गोळीने चांगलाच आराम पडला."

ते हसले. "सर, दुसऱ्या दिवशी तुमचे दुखणे तसेही उतरणारच होते. श्रेय गोळीला मिळाले, इतकेच. एका दाढेवरून गोळीची परीक्षा होत नाही. पण गंमत अशी, की वेदनाशामकांची परीक्षा जगभर घेतात ती तुमच्यासारख्यांच्या अक्कलदाढांवरच!"

मला ती थट्टा वाटली. पण वाचून पाहिले तेव्हा ती अक्षरशः खरी निघाली. डोकेदुखी कुणाला केव्हा होईल आणि केव्हा थांबेल याचा नेम नाही. अक्कलदाढ काढण्याची वेळ मात्र आधी ठरलेली असते, रोगी बहुधा तरुण आणि एरवी धडधाकट असतो, जखम सगळ्यांची साधारण सारखी, आणि बधिरता उतरली की ठणका हटकून सुरू होतो. परीक्षकाला याहून सोयीची प्रश्नपत्रिका कुठली? १९७०च्या दशकात ही पद्धत रूढ झाली आणि आजही नवे वेदनाशामक आले की पुष्कळदा याच दारातून आत येते.

परीक्षेची रीत अशी. दुखणे मध्यम किंवा तीव्र झाले की रोग्याला गोळी द्यायची. कुणाला औषधाची, कुणाला दुसऱ्या औषधाची, आणि काहींना दिसायला हुबेहूब पण आत काहीच औषध नसलेली. कुणाच्या वाट्याला काय आले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. मग ठरावीक अंतराने विचारायचे: दुखणे किती? काही नाही म्हणजे शून्य, थोडे म्हणजे एक, मध्यम म्हणजे दोन, फार म्हणजे तीन. काही ठिकाणी रोग्याजवळ दोन घड्याळे ठेवतात. पहिला जरासा उतार वाटला की एक थांबवायचे, आणि "आता खरे बरे वाटते" असे झाले की दुसरे. अगदीच सोसवेना तर दुसरे औषध मागायची मुभा असते, आणि ते किती वेळाने मागितले याचीही नोंद होते. आमच्या ठणक्या-ठसठशीचे त्या वहीत नुसते आकडे होतात, याचे मला थोडे वाईट वाटले. पण पेपर तपासणाऱ्याने त्यावर फार बोलू नये.

त्या खोट्या गोळीची हकीकत तर ऐकण्याजोगी आहे. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांना वेदनाशामकाच्या नावाखाली निर्गुण औषध दिले. काहींना आराम पडला. मग त्यांना नॅलोक्सोन दिले. हा अफूच्या जातीच्या औषधांचा उतारा. तो देताच आराम पडलेल्यांचे दुखणे वाढले! म्हणजे तो आराम निव्वळ मनाचे खेळ नव्हता. विश्वासाने गोळी घेतली की शरीर आपल्या पोतडीतून स्वतःचीच अफू काढते, असा त्याचा अर्थ लावला गेला. डब्यातल्या त्या तिन्ही सद्गृहस्थांची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. त्यांची साक्ष खोटी नव्हती. फक्त श्रेय कुणाचे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

आणि निकाल? अफूपासून येणारे कोडीन, ज्याचा केवढा दरारा, ते एकटे पुष्कळ खाली राहिले. पहिल्या रांगेत बसल्या त्या साध्या, स्वस्त गोळ्या. २०१३ साली सात प्रयोगांतील २,२४१ रोग्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे १,००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलहून सरस ठरले. दोन्ही एकत्र दिली तर शंभरांतल्या सुमारे सत्तर जणांचे दुखणे निम्म्याने तरी उतरले. त्याच प्रयोगांत खोट्या गोळीने सातांचे. अमेरिकेत २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, अठराशेंहून अधिक रोग्यांच्या प्रयोगातही याच जोडीने अफूवर्गीय गोळीला मागे टाकले. या आयबुप्रोफेनचे जनक, नॉटिंगहॅमचे स्टुअर्ट अ‍ॅडम्स, यांनी मॉस्कोत भाषणापूर्वी दारूने चढलेल्या डोकेदुखीवर आपलेच औषध घेऊन पाहिले, अशी आठवण ते सांगत. गुण आला. पण तेही एकच डोके!

एवढी विद्या गाठीशी आल्यावर मी घरातला वैद्यच झालो. आणि तेवढ्यात आईची दाढ आली.

आई पंचाहत्तरीची. गुडघ्यांसाठी तिने कित्येक वर्षे डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेतल्या, कागदाशिवाय, एका दुकानातून, आणि बहुतेक वेळा मीच आणून दिल्या. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासले तेव्हा मूत्रपिंडे अशक्त झाल्याचे कळले. दंतवैद्यांनी दाढ काढली आणि कागदावर फक्त पॅरासिटामॉल लिहिले. रात्री अकराला ठणका सुरू झाला. आई सोसणारी बाई. ती कण्हू लागली म्हणजे ते तीनच. गोळी देऊन तास झाला तरी फरक दिसेना. माझ्या कपाटात माझ्या दाढेच्या वेळची, दोन औषधांची मिश्र गोळी शिल्लक होती. शंभरांत सत्तर! मी ती पाण्यासह पुढे केली.

आईने चष्मा नसताना पट्टी हातात घेऊन चाचपली. "ही गुडघ्याच्याच जातीची का रे?"

होती. जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले, आणि त्यासाठी १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटेकरी झाले, ते हेच: अ‍ॅस्पिरिन आणि तिचे भाऊबंद शरीरातली प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, म्हणून ठणका शमतो. पण अशक्त मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवायला तीच द्रव्ये लागतात. हे मी वाचले होते. गाडीत दोघांना समजावूनही सांगितले होते. ज्या सत्तर जणांच्या जोरावर मी पेला भरला, ते विशी-तिशीतले, निरोगी मूत्रपिंडांचे होते, हेही वाचले होते.

पट्टी मी परत कपाटात ठेवली. सकाळी ती फेकून दिली. रात्रभर दोघे जागे राहिलो. फडक्यात बर्फ गुंडाळून गालाला लावला. डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने पॅरासिटामॉलची दुसरी गोळी दिली. मध्यरात्रीनंतर एमआयडीसीकडून वाऱ्याबरोबर रसायनांचा वास आला तशी खिडकी लावली. दर तासाला मी विचारी, "शून्य ते तीन, किती?"

"आकडे काय विचारतोस?" आई म्हणाली. "ठणकतंय."

तीनच्या सुमाराला म्हणाली, "आता ठसठसतंय."

आणि कर्जतकडून येणाऱ्या पहाटेच्या गाडीचा आवाज आला तेव्हा, डोळे न उघडताच, "आता नुसतं जाणवतंय. तू नीज जरा. तुला कॉलेज आहे."