विमानातले भूत आणि आखडणारे पत्रे

इंग्लंडमधील कॉस्फर्ड येथे हवाई दलाच्या संग्रहालयात ‘लिंकन’ जातीचे एक जुने बॉम्बफेकी विमान आहे. त्यातून खटके ओढल्यासारखे आवाज येतात, कधी महायुद्धकाळच्या वेषातला वैमानिक दिसतो, अशा कथा अनेक वर्षे सांगितल्या जातात. वस्तुतः लिंकन विमाने दुसऱ्या महायुद्धातील एकाही मोहिमेवर गेली नाहीत!

मग आवाज कशाचे? आपण हिशेब करू. विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ३६ मीटर. अॅल्युमिनियम दर मीटरला, तापमान १° से. ने उतरले की, सुमारे ०.०२३ मिलिमीटर आखडते. रात्री तापमान १०° ने उतरले, तर पंख ८ मिलिमीटरहून अधिक आखडू पाहतात. रिव्हेटांनी जखडलेले पत्रे सहज सरकत नाहीत. ताण साठतो, एकदम सुटतो आणि ‘खट्’ असा आवाज होतो. शाळेचे पत्र्याचे छप्परही संध्याकाळी असेच वाजते. त्यात कथा आधीच ठाऊक असली, की अंधारातील सावलीही वैमानिक भासते.

ऐकणारे खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. आवाज ऐकू आला ही नोंद. भूत आहे हे अनुमान. भुताची गोष्ट सांगणाऱ्या विद्यार्थ्याला हसू नये. त्याला आवाजाची वेळ आणि तेव्हाचे तापमान रोज वहीत लिहायला सांगावे.