ऑल्कॉट गुरुजींची शाळा

शान्ता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादामुळे जिचा मराठी घरांत प्रवेश झाला, त्या लुइझा मे ऑल्कॉटचे वडील ब्रॉन्सन ऑल्कॉट हे, ऐन उमेदीत पोटापाण्यासाठी व्हर्जिनियात दारोदार किरकोळ जिन्नस विकत हिंडलेले आणि महाविद्यालयाची पायरीही न चढलेले गृहस्थ, तरीही १८३४च्या सप्टेंबरात बॉस्टनच्या मेसॉनिक टेम्पल या इमारतीत त्यांनी काढलेल्या खाजगी शाळेत नगरातील प्रतिष्ठितांनी आपली मुले विश्वासाने घातली. सॉक्रेटिस, प्लेटो, शेक्सपिअर यांच्या अर्धपुतळ्यांनी शोभणाऱ्या त्या दालनात पाठांतराला गौण स्थान होते. गुरुजींनी प्रश्न करावा, मुलांनी अंतर्मुख होऊन उत्तर द्यावे आणि एलिझाबेथ पीबॉडी या सहाध्यापिकेने तो संवाद टिपून घ्यावा, असा तेथला परिपाठ.

शिक्षेची तऱ्हा तर विलक्षणच. एकदा गुरुजींनी आपलाच हात पुढे करून अपराधी मुलांना त्यावर मारण्याचा हुकूम केला आणि मुलांनी भीत भीत हलकेच मारले तेव्हा जोराने मारायला लावले. स्वतः मार खाताना कधी न रडलेली ती मुले त्या दिवशी रडली. पुष्कळांना हा प्रसंग हृदयंगम वाटतो. मला ती सौम्य वेषातली जबरदस्तीच वाटते.

शाळेवर गंडांतर आले ते त्या टिपणांपायी. ख्रिस्तचरित्रावरील संवादांचा पहिला खंड १८३६च्या अखेरीस निघाला. त्यात मनुष्यजन्माविषयी, फार सोवळ्या भाषेत का होईना, मुलांशी बोलणे झालेले होते. पीबॉडीबाईंनी असे भाग गाळण्याची विनंती केली होती. ऑल्कॉटांनी ते मूळ मजकुरातून काढले खरे, पण ग्रंथाच्या शेवटी टिपा म्हणून छापले, म्हणजे टीकाकारांची शोधण्याची तसदीही वाचवली! वर्तमानपत्रे तुटून पडली, पालकांनी मुले काढून घेतली आणि १८३७च्या एप्रिलात शाळेचे सामान व ग्रंथसंग्रह लिलावात गेला.

उरल्यासुरल्या मुलांवर शाळा कशीबशी चालू राहिली. १८३९ साली ऑल्कॉटांनी एका कृष्णवर्णीय मुलीला दाखल करून घेतले. पालकांनी तिला काढण्याचा आग्रह धरला, त्यांनी तो साफ नाकारला आणि शाळा कायमची बंद झाली. बॉस्टनने त्यांना असे वाऱ्यावर सोडले, त्याच सुमारास लंडनजवळ हॅम येथे त्यांच्या चाहत्यांची, त्यांचेच नाव दिलेली शाळा चालू होती. १८४२त त्यांचे मित्र, विचारवंत इमर्सन यांनी प्रवासखर्च पुरवला, तेव्हा ती पाहण्यास ऑल्कॉट स्वतः गेले.